लष्कराकडे छायाचित्रे नको, प्रश्न घेऊन जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका मदतसंस्थेत माहितीचे काम सांभाळता. गेल्या आपत्तीत लष्कराने हवाई पाहणी केली. तुम्ही ती छायाचित्रे मागितलीत, तर ‘गोपनीय आहेत’ असे उत्तर आले. दोन दिवसांनी त्याच अधिकाऱ्यांनी मदत घेणाऱ्या कुटुंबांच्या याद्या मागितल्या आणि तुम्ही नकार दिलात. आता दोन्हीकडे कटुता आहे, आणि तुमच्या वरिष्ठांना वाटते की एक सामायिक पोर्टल उभारले की सगळे सुरळीत होईल. होईल का?

नाही होणार. पोर्टलला माझा विरोध नाही, पण ते शेवटच्या पायरीचे काम आहे आणि तुमची गाडी पहिल्या पायरीवर अडली आहे.

माझी नोकरीतली बहुतेक वर्षे समन्वय कक्षात, दोन्ही बाजूंच्या मधल्या खुर्चीत गेली. या खुर्चीवरच्या माणसाला नागरी मंडळी लष्कराचा समजतात आणि लष्करी मंडळी स्वयंसेवी संस्थांचा. कोणाचाच नसल्यामुळे दोघांची गाऱ्हाणी मात्र मनमोकळी ऐकायला मिळतात. ती ऐकून माझे मत असे झाले आहे की गुप्तता हे माहिती अडण्याचे कारण क्वचित असते, निमित्त बहुतेक वेळा असते. माहिती अडते ती मागणाऱ्याने तिचे काय करणार हे न सांगितल्यामुळे.

एका मोठ्या पुरात आम्ही ‘या पट्ट्यातली सगळी हवाई छायाचित्रे द्या’ अशी लेखी मागणी केली होती. तीन दिवस उत्तर नाही, चौथ्या दिवशी नकार. मी तावातावाने त्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने शांतपणे विचारले, ‘मिळाली तर काय कराल?’ मी म्हणालो, तीन गावांत हेलिकॉप्टर उतरवण्याइतकी कोरडी जागा उरली आहे का, ते बघायचे आहे. तो आत गेला आणि मिनिटभरात परत आला. ‘पहिल्या दोन गावांत आहे, तिसऱ्यात नाही. तिसऱ्याला बोट न्या.’ छायाचित्र मी आजतागायत पाहिलेले नाही. त्याची गरजही नव्हती, पण हे कळायला चार दिवस गेले, आणि ते तिसऱ्या गावाचे गेले.

लष्करी गोपनीयता बहुतेक वेळा माहितीच्या मजकुराला नसते, तो कसा मिळाला याला असते. पूल पडला आहे, ही गोष्ट नदीकाठच्या कोणत्याही माणसाला माहीत असते. तो पूल कोणत्या उपकरणाने, किती उंचीवरून, किती बारकाईने दिसला, हे मात्र लष्कराला सांगायचे नसते. छायाचित्र मागितले की या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या जातात. ‘या सात पुलांपैकी ट्रक जाईल असे कोणते?’ असे विचारले की फक्त पहिली मागितली जाते. गुप्तवार्ता विभागांत यासाठी जुनी पद्धत आहे. अहवालात एक आडवी रेघ मारतात. वरच्या भागात स्रोत आणि तपशील, खालच्या भागात बाहेर देता येईल एवढाच निष्कर्ष. तिला ‘टेअरलाइन’ म्हणतात, कारण कागदाच्या काळात तिथून पान खरोखर फाडून देत. तुम्ही बोलताना हा शब्द वापरलात तर समोरच्याला कळते की या माणसाला रेघेखालचा भाग पुरेल. अर्धे काम तिथेच होते.

वरून ठरले तर सगळेच उघडे करता येते, हेही खरे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे मुख्यालयच कोसळले आणि मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबी त्यात गेले. म्हणजे ज्यांनी समन्वय करायचा तेच ढिगाऱ्याखाली. अमेरिकी लष्कराने तेव्हा आपले बरेचसे काम बंदिस्त जाळ्याऐवजी उघड्या इंटरनेटवर आणले आणि ‘अपॅन’ नावाच्या सामायिक व्यासपीठावर मदतसंस्थांना सोबत घेतले. त्याच दिवसांत जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी खुली केलेली उपग्रहचित्रे पाहून ओपनस्ट्रीटमॅप या, कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा गल्लीबोळांसकट तयार केला, आणि बचाव पथकांनी तो आपल्या जीपीएस यंत्रांत भरून वापरला. माहिती फक्त लष्कराकडून नागरी बाजूकडे येते, हा समज तिथे पुरता मोडला.

पण त्याच हैतीत याची दुसरी बाजूही दिसली. विमानतळाचे नियंत्रण अमेरिकी हवाई दलाकडे होते. धावपट्टी एक, विमाने उभी करायला जागा थोडी. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेचे, फुगवून उभारायच्या रुग्णालयाचे सामान घेऊन आलेले विमान उतरू न देता शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवले गेले. सामान पुढे रस्त्याने न्यावे लागले. या प्रकाराबद्दल बराच आरडाओरडा झाला आणि तो रास्त होता. मात्र मला त्यात दुष्टपणा दिसत नाही. कोणत्या विमानात काय आहे आणि त्यातले काय आधी उतरले पाहिजे, हे नागरी बाजूने एकमुखाने सांगण्याची सोय सुरुवातीला नव्हती. शेकडो संस्था आपापले विमान ‘अत्यंत तातडीचे’ म्हणत असतील, तर मनोऱ्यात बसलेल्या माणसाने निवड कशी करायची? मदतीच्या विमानांना प्राधान्य देण्याबाबत समझोता व्हायला काही दिवस गेले.

म्हणून मागणी कशी लिहायची, यावर मी जरा रेंगाळणार आहे. साधन मागू नका, परिणाम मागा. ‘दोन मोठी हेलिकॉप्टरे द्या’ असे लिहिले की तुम्ही लष्कराचे काम त्यांना शिकवायला लागता, आणि नेमकी ती दोन नसतील तर उत्तर ‘नाही’ येते. ‘अमुक तीन वस्त्यांत मिळून १२ टन ताडपत्री आणि दोर गुरुवारी अंधार पडायच्या आत पोहोचायला हवेत, रस्ता दोन ठिकाणी खचला आहे, उतरवून घ्यायला आमची माणसे तिथे आहेत’ असे लिहिले की ते स्वतः मार्ग शोधतात. कधी खेचरांनी, कधी होडीने, कधी त्यांचे अभियंते रस्ताच मोकळा करतात. माहितीच्या मागणीलाही हेच लागू. कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो कधीपर्यंत घ्यायचा आहे, किती अचूक उत्तर पुरेल आणि उत्तर आले नाही तर तुम्ही काय करणार आहात, एवढे चार वाक्यांत लिहा. चौथे वाक्य लोक विसरतात, आणि वाचणारा अधिकारी सगळ्यात आधी तेच शोधतो. ‘उत्तर न आल्यास आम्ही बुधवारी सकाळी पायी पथक पाठवू’ हे वाचून, ज्याच्याकडे दरड कोसळण्याचा इशारा आहे तो माणूस फोन उचलतोच.

आणि वेळ सांभाळा. लष्कराचा दिवस ठरलेल्या तालावर चालतो. उद्याच्या उड्डाणांचा आराखडा बहुतेक ठिकाणी आज दुपारीच पक्का होत असतो. आपल्या समन्वय बैठका संध्याकाळी, दिवसभराचे सगळे ऐकून मग होतात. परिणाम असा की आपली अगदी नेटकी मागणी रात्री आठला पोहोचते आणि परवाच्या यादीत जाते. कोणी मुद्दाम अडवलेले नसते. पहिल्या दिवशीच ‘तुमचा कागद किती वाजता बंद होतो?’ एवढे विचारून आपली बैठक त्याच्या दोन तास आधी सरकवली, तर कोणत्याही पोर्टलपेक्षा जास्त फायदा होतो.

आता मोजमापांचे बघू, कारण खरे घोळ इथे होतात. ‘१८.३०’ असा अक्षांश तुम्ही फोनवर सांगितलात. तुमच्या मनात दशांश अंश आहेत, ऐकणाऱ्याने १८ अंश ३० मिनिटे लिहिले. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरचा. डोंगराळ भागात तेवढ्यात दोन खोरी ओलांडली जातात. वैमानिक बहुधा अंश आणि दशांश मिनिटे वापरतात, पायदळ नकाशावर आखलेल्या चौकोनी जाळीचे संदर्भ वापरते, मदतसंस्थांच्या तक्त्यांत दशांश अंश असतात. २००५ च्या कॅटरिना वादळात वेगवेगळ्या बचाव दलांच्या संदर्भपद्धती जुळत नव्हत्या. काही भाग पुन्हा पुन्हा तपासले गेले, काही राहून गेले. त्यानंतर अमेरिकेने जमिनीवरच्या शोधकार्यासाठी लष्करी जाळीशी जुळणारी एकच राष्ट्रीय जाळी ठरवली, आणि विमानांशी बोलताना अक्षांश-रेखांशाचे कोणते रूप वापरायचे तेही ठरवून टाकले. तुमच्या तक्त्यात जाळीचा संदर्भ आणि अक्षांश-रेखांश, अशा दोन्ही रूपांचे रकाने शेजारी शेजारी ठेवा. रूपांतर करणारे सूत्र एकदा घालून ठेवले की झाले.

गावांच्या नावांवर विसंबून राहू नका. फिलिपिन्समध्ये सान होजे आणि सान इसिद्रो या नावांची इतकी गावे आहेत की नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळानंतर नुसते नाव लिहून पाठवलेली मागणी कुठल्या बेटावर जाईल याची खात्री देणे कठीण. यासाठी प्रशासकीय विभागांना दिलेले सांकेतिक क्रमांक असतात, मदतक्षेत्रात त्यांना ‘पी-कोड’ म्हणतात. लष्कराला हे क्रमांक बहुधा ठाऊक नसतात. पहिल्या बैठकीला जाताना त्यांचा तक्ता सोबत न्या. फुकट मिळणारी आणि लगेच कामाला येणारी भेट दुसरी नाही.

घड्याळाचेही तसेच. अनेक देशांची सैन्ये एकत्र आली की ती जागतिक प्रमाणवेळेत बोलतात, तिला ‘झुलू’ म्हणतात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये हा हिशेब आणखी अवघड झाला, कारण नेपाळची वेळ पाच तास पंचेचाळीस मिनिटे पुढे आहे. झुलू सहा म्हणजे तिथले पावणेबारा. घाईत तोंडी हिशेब करणारा माणूस तासाभराने चुकतो, आणि हेलिकॉप्टर कोणासाठी तासभर थांबत नाही.

शब्दांबाबत एकच उदाहरण देतो. ‘कॅज्युअल्टी’ म्हटले की नागरी माणसाला बहुधा मृत आठवतात. लष्करी भाषेत त्यात जखमी आणि बेपत्ताही येतात. एका कक्षात आमच्या आणि त्यांच्या फळ्यावरचे आकडे दोन दिवस जुळेनात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांवर लपवाछपवीचा संशय घेत बसले. शेवटी कोणीतरी शब्दाचा अर्थ विचारला. तेव्हापासून मी आकड्याआधी व्याख्या विचारतो.

नेपाळचे उदाहरण मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. तिथे नेपाळी सेनेने परदेशी सैन्यांसाठी एक बहुराष्ट्रीय लष्करी समन्वय केंद्र चालवले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने, म्हणजे ‘ओचा’ने, मदतसंस्था आणि सैन्ये यांना जोडणारा वेगळा कक्ष उभा केला. बाहेरच्या माणसाला ही कार्यालयांची खोगीरभरती वाटेल. पण मदतसंस्थेने लष्करी केंद्रात जाऊन बसावे किंवा लष्कराने मदतसंस्थांच्या बैठकीत गणवेशात यावे, हे दोन्ही अवघड असते. मधली तिसरी खोली हे अवघडलेपण काढून टाकते. तिथे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली दोन माणसे भेटली की पुष्कळ झाले.

पोर्टलचा मुद्दा इथे पुन्हा येतो. लष्कराची आतली जाळी इंटरनेटला जोडलेली नसतात, आणि पेन ड्राइव्ह आत नेऊ देत नाहीत. म्हणजे तुमच्या पोर्टलवरची माहिती त्यांच्या नकाशावर जायची तर मधे एक माणूस लागणारच, जो एका पडद्यावरचे वाचून दुसऱ्यावर लिहील. त्या माणसाची सोय आधी करा. त्याला पाने भरून अहवाल नको असतो, एक पान हवे असते: कालपासून काय बदलले, उद्या कुठे जाणार, कुठे जाऊ शकत नाही. पोर्टल बांधायचेच असेल तर हे एक पान त्यावर ठेवा.

माहिती पाठवली म्हणजे पोहोचली असे समजू नका. याचे सर्वांत भयंकर उदाहरण आपत्तीतले नाही, युद्धातले आहे, तरी सांगतो. अफगाणिस्तानात कुंदुझ इथल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी विमानाने हल्ला केला. ४२ जण मेले. संस्थेने आपले स्थाननिर्देशांक आधीच दिले होते, हल्ल्याच्या चार दिवस आधी पुन्हा दिले होते, आणि ते रुग्णालय हल्ला न करण्याच्या ठिकाणांच्या यादीतही होते. पण ती यादी विमानातल्या माणसांकडे नव्हती. म्हणून पोच मागा, आणि पोच म्हणजे ‘मेल मिळाला’ नव्हे. ‘तुमच्या नकाशावर आमचे ठिकाण कुठे दिसते ते मला वाचून दाखवा’ असे म्हणा. यात संकोच करू नका, रेडिओवर बोलणारे सैनिक हेच दिवसभर करत असतात.

उलट बाजूचे उदाहरणही मनात ठेवा. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातून किरणोत्सर्ग बाहेर पडला, तेव्हा तो वाऱ्याबरोबर कुठे जाईल याचे अंदाज ‘स्पीडी’ नावाची सरकारी संगणकप्रणाली देत होती. प्रकल्पातून नेमके किती बाहेर पडते आहे हे ठाऊक नसल्यामुळे ते अंदाज कच्चे होते, आणि त्यामुळे लोकांना सांगितले गेले नाहीत. मात्र १४ मार्चला ते अमेरिकी लष्कराला दिले गेले. जनतेपुढे आले २३ मार्चला. मधल्या काळात नामिए गावचे लोक सुरक्षित समजून वायव्येकडच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते, आणि किरणोत्सर्गाचा लोट नेमका तिकडेच गेला होता. माहिती नागरी खात्याकडून परदेशी सैन्याला मिळाली, आपल्याच गावाच्या प्रमुखाला मिळाली नाही. तुम्ही लष्कराशी जे काही वाटून घ्याल, ते ज्यांच्या जिवाशी संबंधित आहे त्यांना कधी कळणार, हा रकाना तक्त्यात असू द्या. आणि कच्चा अंदाज ‘कच्चा’ असे लिहून देता येतो.

आता तुमच्या याद्या. तुम्ही नकार दिलात ते बरोबर केलेत, फक्त दिलात तो कसा, यावर थोडे बोलू. नैसर्गिक आपत्तीत परदेशी लष्करी साधने कधी वापरावीत याबद्दल ‘ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वे’ आहेत. ती १९९४ ची आहेत आणि २००७ पर्यंत सुधारली गेली. त्यांचा गाभा असा की तुलनेने योग्य नागरी पर्याय नसेल तेव्हाच लष्करी साधन वापरावे, आणि मदतीची सूत्रे नागरी हातात राहावीत. ही तत्त्वे परदेशी सैन्यांबद्दल आहेत. स्वतःच्या देशाचे सैन्य सरकारच्या आदेशाने कामाला येते, तिथला हिशेब वेगळा. पण दोन्हीकडे एक सावधगिरी समान आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, जात-जमात, पत्ता असलेली यादी एकदा हातातून गेली की ती कुठे थांबेल हे तुमच्या हातात राहत नाही. आज मदत करणारी तुकडी उद्या त्याच भागात बंदोबस्ताला येऊ शकते. लोकांनी नावे ताडपत्रीसाठी दिली होती.

मात्र नुसते ‘नाही’ म्हणून फोन ठेवलात, तर तुम्ही तेच केलेत जे छायाचित्रांबाबत त्यांनी केले. त्यांना यादी का हवी होती, हे तुम्ही विचारलेच नाही. माझा अंदाज, फेऱ्या किती लागतील हे काढायचे असावे. त्याला नावे लागतातच कशाला? वस्तीनिहाय कुटुंबे किती, चालता न येणारी माणसे किती, सामानाचे वजन किती, एवढे पुरते. तुमच्याही अहवालाला रेघ मारता येते: वर नावे, खाली आकडे. वस्ती अगदी लहान असेल, आठ-दहा घरांची, तर आकड्यावरूनही माणसे ओळखता येतात. तिथे दोन-तीन वस्त्या एकत्र करून आकडा द्या.

संबंध फारच ताणलेले असतील, म्हणजे सैन्य स्वतः संघर्षात एक पक्ष असेल, तरी काही गोष्टी सांगाव्याच लागतात: तुमच्या गाड्या कोणत्या रस्त्याने कधी जाणार, तुमची रुग्णालये आणि गोदामे कुठे आहेत, कोणता रस्ता सुरुंगांमुळे बंद आहे. यापलीकडे अशा ठिकाणी जाऊ नये.

पुढच्या मोसमाआधी काय करावे, असेही तुम्ही विचारले आहे. त्या नाराज अधिकाऱ्याची बदली व्हायच्या आत त्याला फोन करा. त्याच्याकडून तीन गोष्टी घ्या: मागणीचा त्यांचा छापील नमुना, ते वापरतात त्या नकाशाची जाळी आणि त्याच्या जागी येणाऱ्याचे पदनाम. व्यक्तीचे नाव नको, पदनाम घ्या, कारण माणसे दर काही महिन्यांनी बदलतात आणि प्रत्येक वेळी ओळख शून्यापासून सुरू होते.

आणि सैन्य परत जाताना त्याच्यासोबत काय जाते, याचा विचार पहिल्याच भेटीत करा. परदेशी तुकड्या बहुधा काही आठवड्यांतच निघतात. एकदा निरोपाच्या दिवशी आम्हाला मोठ्या मनाने एक हार्ड डिस्क मिळाली, त्यांनी काढलेली सगळी छायाचित्रे, गोपनीयतेचा शिक्का काढून. फाइलींना एकापासून पुढे नुसते क्रमांक होते. जागा नाही, तारीख नाही. त्यातली नदी कोणती, हे सांगू शकणारा अधिकारी आदल्या रात्रीच्या विमानाने गेला होता. ती डिस्क अजून माझ्या कपाटात आहे.